भावाच्या मणक्याच्या दुखापतीवर मायटोकॉन्ड्रियाचं इंजेक्शन सांगतायत, घ्यावं का?

कृष्णाकाठची_ताई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. माझा धाकटा भाऊ, वय २६, जूनमध्ये बाईकवरून पडला, रात्रीची वेळ, पाऊस, रस्त्यात म्हैस आडवी आली. पाठीच्या डी१० डी११ मणक्यांना फ्रॅक्चर होतं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, रॉड आणि स्क्रू टाकलेत. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही, लघवीला नळी आहे. डिस्चार्ज पेपरवर एआयएस ए (मणक्याच्या इजेचा ग्रेड, ए म्हणजे पूर्ण इजा) असं लिहिलंय आणि डॉक्टर म्हणाले की फिजिओ करत राहा, बघू. आता चार महिने झाले आणि हे 'बघू' ऐकून ऐकून आई खचलीये.

मागच्या आठवड्यात मामांनी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला, त्यात एका क्लिनिकचे डॉक्टर सांगतायत की मांडीच्या स्नायूतून पेशंटचेच मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा बनवणारे कण) काढून मणक्यात सोडायचे, मेलेल्या नसांना नवीन बॅटरी मिळते आणि त्या परत चालू होतात. मी फोन केला तर म्हणाले सहा इंजेक्शन्स, आठ लाख, आणि जितका उशीर कराल तितका रिझल्ट कमी, या महिन्यात ॲडव्हान्स भरला तर डिस्काउंट. अमेरिकेत हार्वर्डमध्ये हेच चालतं असं म्हणाले आणि एका रिसर्च पेपरची लिंकपण पाठवली, ती मी उघडली, पेपर खरा आहे, पण मला त्यातलं निम्मं कळलं नाही. मी बीकॉम आहे, शाळेत हेच तंतुकणिका म्हणून शिकले होते तेवढंच.

घरात आता बागायतातला अर्धा एकर काढायचं चाललंय. भाऊ काही बोलत नाही, पण व्हिडिओ आल्यापासून तो रोज मला विचारतो की ताई फोन आला का त्यांचा. म्हणून विचारतेय, हे खरं आहे का? कुणी केलंय का? मला उगाच कुणाला फसवे म्हणायचं नाहीये, पण भावाचा चान्स हातचा जाऊ द्यायचा पण नाहीये.

पेशीवाला

ताई, मी मायटोकॉन्ड्रियावरच पीएचडी केलीय, डॉक्टर नाही, लॅबवाला माणूस आहे, त्यामुळे औषधोपचाराबद्दल नाही पण या विज्ञानाबद्दल खात्रीने बोलू शकतो. आधी उत्तर देतो मग कारण. पैसे भरू नका, जमीन विकू नका. या विषयाचं संशोधन खरं आहे आणि फार महत्त्वाचं आहे, पण तुम्हाला जे विकतायत ते त्या संशोधनातून निघत नाही.

आता कारण. मणक्याला किंवा डोक्याला मार लागतो तेव्हा नुकसान एकदम सगळं होत नाही, दोन टप्प्यांत होतं. पहिल्या क्षणी जे चिरडतं ते चिरडतं, त्याला कुणी काही करू शकत नाही. पण त्याच्या आजूबाजूच्या पेशी तेव्हा जिवंत असतात आणि त्या पुढच्या काही तासांत आणि दिवसांत मरतात. कशा, तर फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट नावाचं रसायन भसाभस बाहेर पडतं, त्यामुळे शेजारच्या पेशींमध्ये कॅल्शियम घुसतं, आणि ते जास्तीचं कॅल्शियम शोषून घ्यायचं काम मायटोकॉन्ड्रियावर येतं. ते एका मर्यादेपर्यंत घेतात. मर्यादा ओलांडली की त्यांच्या आवरणात एक छिद्र उघडतं, मग ते फुगतात, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन बनणं थांबतं, आतलं सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन बाहेर गळतं आणि ते गळलं की पेशीला मरायचा हुकूमच सुटतो. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के पण ऑक्सिजन खातो जवळपास २० टक्के, म्हणजे मज्जासंस्थेला ऊर्जा थोडा वेळ जरी कमी पडली तरी परवडत नाही.

तर संशोधकांचा विचार असा की या दुसऱ्या टप्प्यात मायटोकॉन्ड्रिया वाचवले किंवा बाहेरून चांगले आणून दिले तर आजूबाजूच्या पेशी वाचतील. वाचतील हा शब्द लक्षात ठेवा. मेलेल्या उठतील असं कुणीच म्हणत नाहीये.

बाहेरून देण्याची कल्पना कुठून आली तर दोन ठिकाणांहून. एक म्हणजे बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलचे जेम्स मॅककली, त्यांचं काम हृदयावर. ऑपरेशननंतर ज्या बाळांचं हृदय रक्तपुरवठा तुटल्यामुळे चालेनासं झालं आणि जी एक्मो मशीनवर (हृदय-फुप्फुसाचं काम बाहेरून करणारं यंत्र) होती, अशा बाळांच्या पोटाच्या स्नायूचा अगदी छोटा तुकडा घेऊन, अर्ध्या तासाच्या आत त्यातून मायटोकॉन्ड्रिया वेगळे करून ते त्याच बाळाच्या हृदयात टोचले. २०१७ मध्ये पहिल्या पाच बाळांचं छापून आलं, त्यातली चार मशीनवरून निघाली. तुमच्या क्लिनिकवाल्याने हार्वर्ड म्हटलं ते बहुतेक हेच, कारण ते हॉस्पिटल हार्वर्डशी जोडलेलं आहे. पण ते हृदय आहे, मणका नाही, आणि दुखापत ताजी आहे, चार महिन्यांची नाही.

दुसरं म्हणजे २०१६ मध्ये बॉस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटाने नेचरमध्ये छापलेलं काम, की उंदराच्या मेंदूत स्ट्रोक झाल्यावर ॲस्ट्रोसाइट नावाच्या शेजारच्या पेशी स्वतःचे मायटोकॉन्ड्रिया बाहेर सोडतात आणि न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणाऱ्या मज्जापेशी, ते आत घेतात. म्हणजे ही देवाणघेवाण शरीर स्वतःच करतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच थक्क झालो होतो, आजही शिकवताना सांगतो.

आता मणक्याचं. यावर सगळ्यात चिकाटीने काम केलंय अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाने. त्यांनी उंदरांच्या कमरेच्या भागात मणक्याला मार देऊन, लगेच, म्हणजे त्याच दिवशी, निरोगी मायटोकॉन्ड्रिया मज्जारज्जूत टोचले. २०१८ च्या पेपरमध्ये काय आलं बघा. २४ तासांनी मोजलं तर मज्जारज्जूची ऊर्जा बनवायची क्षमता टिकलेली होती, फरक चांगला होता. पण सहा आठवडे उंदरांचं चालणं तपासलं तर टोचलेले आणि न टोचलेले यांच्यात फरक नाही. आणि टोचलेले मायटोकॉन्ड्रिया कुठे गेले ते रंग लावून शोधलं तर रक्तवाहिन्यांच्या पेशींत, सफाई करणाऱ्या पेशींत सापडले, न्यूरॉनमध्ये नाही. काही इतर लॅबना उंदरांच्या चालण्यात सुधारणा दिसलीय हेही खरं, पण तिथेही इंजेक्शन दुखापतीनंतर लगेचच. या लोकांनी जसं निघालं तसं छापलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, पुढे ते जेलमधून हळूहळू सोडायच्या मागे लागले कारण सुईने टोचणं हीच मज्जारज्जूला नवी इजा असते.

तर ताई, तासातासांवर चाललेलं हे काम चार महिन्यांनंतरच्या पेशंटला लावायचं म्हणजे काय? जिथे मार लागला तिथे आता पोकळी आणि व्रण आहे, मेंदूकडून येणारे तंतू तुटलेले आहेत. मायटोकॉन्ड्रिया टोचून तुटलेला तंतू सांधत नाही आणि नवीन न्यूरॉन तयार होत नाही. बॅटरी ते म्हणतायत ना, तर वायरच तुटलीय तिथे बॅटरी बदलून दिवा कसा लागेल.

धुळेकर_सुनील

पेशीवाला सर, +१. ॲडव्हान्सवर डिस्काउंट देणारा उपचार म्हटलं की मला तरी तिथेच कळतं. ताई, मामांना सांगा त्या क्लिनिकला एवढंच विचारायला की सीटीआरआय नंबर काय आहे. भारतात माणसांवर कुठलीही क्लिनिकल ट्रायल करायची तर पेशंट घ्यायच्या आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद लागते, २००९ पासून सक्तीचं आहे, आणि वेबसाइटवर कुणालाही फुकट शोधता येतं.

आशावादी_आई

मी थोडं वेगळं लिहिते, रागावू नका कुणी. माझ्या मुलीला डोक्याला मार लागला होता, दोन वर्षं झाली, त्यामुळे मी हे सगळं रात्र रात्र वाचलेलं आहे. पेशीवाला म्हणतात ते उंदरांचं, पण माणसाच्या मेंदूतपण दिलंय की! सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात स्ट्रोकच्या पेशंटना दिलं, २०२४ ला छापून आलंय. मग आपल्याकडे कुणी देत असेल तर लगेच फसवणूक म्हणायचं का? आपल्याकडे नवीन काही आलं की आधी नाही म्हणायचं आणि मग वीस वर्षांनी तेच करायचं असं होतं. ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला वीस वर्षं नसतात हो. ताईंच्या भावाला आत्ता २६ वर्षं आहेत, तो थांबणार किती.

आणि मायटोकॉन्ड्रिया वाचवायची गोळीपण निघालीय ना, सायक्लोस्पोरिन, ती तर किडनी ट्रान्सप्लांटवाले रोज खातात म्हणजे सेफ आहे. ती का देत नाहीत डोक्याला मार लागलेल्यांना?

पेशीवाला

आशावादी_आई, रागवायचा प्रश्नच नाही, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तुम्ही बरोबर पेपर वाचलाय, म्हणून नीट उत्तर देतो.

सिएटलचं काम मलापण फार आवडतं. स्ट्रोकच्या पेशंटची गुठळी काढायला धमनीतून बारीक कॅथेटर मेंदूपर्यंत नेतात, ते तसंही न्यायचंच होतं. त्याच वेळी पेशंटच्या स्नायूचा तुकडा घेऊन तिथल्या तिथे मायटोकॉन्ड्रिया काढले आणि गुठळी निघाल्यावर त्याच कॅथेटरमधून सोडले. म्हणजे वेगळं भोक नाही, वेगळी सुई मेंदूत नाही, आणि वेळ म्हणजे स्ट्रोक झाल्याझाल्या. चार पेशंट होते. प्रश्न एकच विचारला होता की हे करता येतं का आणि करताना कुणाला अपाय होतो का. अपाय दिसला नाही. फायदा होतो का हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही, चार जणांत तो विचारताच येत नाही, आणि ते स्वतःही तसा दावा करत नाहीत. आणि पेशंटकडून लाखो रुपये घेऊन नाही, नोंदणी केलेली ट्रायल होती. मी याला फसवणूक म्हणत नाहीये. मी म्हणतोय की सिएटलच्या नावावर कऱ्हाड साताऱ्याकडच्या माणसाची जमीन काढून घेणं ही फसवणूक.

सायक्लोस्पोरिनचं. ते छिद्र मी वर सांगितलं ना, कॅल्शियम जास्त झाल्यावर उघडणारं, ते सायक्लोस्पोरिन बंद ठेवतं. प्राण्यांमध्ये मेंदूची इजा कमी होताना दिसली. मग माणसांत डोक्याच्या दुखापतीवर छोट्या ट्रायल्स झाल्या, अमेरिकेत झाल्या, कोपनहेगनला झाली, त्यात मुख्यतः सेफ्टी बघितली. पण मोठ्या ट्रायलमध्ये पेशंट खरंच बरे होतात हे आजवर सिद्ध झालेलं नाही. हृदयविकाराच्या झटक्यात हेच औषध मोठ्या ट्रायलमध्ये २०१५ ला अपयशी ठरलं, तिथेही उंदरांमध्ये सुंदर निकाल होते. आणि किडनीवाले रोज खातात म्हणून सेफ असं नसतं, ते प्रतिकारशक्ती दाबायलाच खातात आणि त्याची किंमत मोजतात, त्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं आहे ते दाखवणारा रक्तातला आकडा), बीपी, औषधाची रक्तातली पातळी सतत बघावी लागते.

तुम्ही म्हणालात की आपण आधी नाही म्हणतो. मी तुम्हाला एक उदाहरण देतो ज्यामुळे मी इतका सावध आहे. डोक्याला मार लागला की सूज येते, स्टेरॉइडने सूज कमी होते, म्हणून जगभर अनेक डॉक्टर कितीतरी वर्षं स्टेरॉइड देत होते, सगळ्यांना तर्क बरोबर वाटत होता. मग क्रॅश नावाची ट्रायल झाली, १०,००८ पेशंट, अर्ध्यांना स्टेरॉइड, अर्ध्यांना नाही. २००४ ला निकाल आला. दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाल्यांत २१ टक्के गेले आणि न दिलेल्यांत १८ टक्के. म्हणजे चांगल्या मनाने दिलेलं औषध माणसं मारत होतं आणि एकेका डॉक्टरला त्याच्या वॉर्डात ते कधी दिसणंच शक्य नव्हतं, कारण डोक्याला एवढा मार लागलेले पेशंट तसेही जातात. हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मायटोकॉन्ड्रियाच्या बाबतीत तर अपाय व्हायची कारणं आधीच माहिती आहेत. ते मुळात कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होते, पेशीत येऊन राहिले. त्यांचा डीएनए अजून जिवाणूंसारखा आहे, त्यामुळे ते पेशीबाहेर फुटले की शरीराला वाटतं इन्फेक्शन झालंय. २०१० ला नेचरमध्येच आलं होतं की मोठ्या अपघातातल्या पेशंटच्या रक्तात हा डीएनए सापडतो आणि त्यामुळे अंगभर दाह पेटतो. शिवाय पेशीच्या आत कॅल्शियम जितकं असतं त्याच्या सुमारे दहा हजार पट ते बाहेर असतं, म्हणजे काढलेले मायटोकॉन्ड्रिया रक्तात किंवा मज्जारज्जूच्या पाण्यात टाकले की ते धड टिकतात तरी का, हाच मोठा वाद आहे. २०१८ ला काही नामवंत हृदय-संशोधकांनी जाहीरपणे हा आक्षेप घेतला. मॅककलींच्या बाजूने उत्तरंही आहेत. वाद मिटलेला नाही. आणि आत पोचलेच तरी किती दिवस जगणार, मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत फक्त ३७ जीन्स, त्यातून १३ प्रोटीन्स, बाकी हजाराच्या वर प्रोटीन्स त्यांना पेशीच्या केंद्रकाकडून घ्यावी लागतात.

आणखी एक, कृपया कुणी ऑनलाइन डीएनपी नावाचं रसायन मागवू नका. मायटोकॉन्ड्रिया थोडे सैल चालवले तर कॅल्शियम कमी शोषतात म्हणून त्या जातीच्या औषधांवर खरंच संशोधन चालू आहे, पण डीएनपी हे १९३० च्या दशकात वजन कमी करायला विकलं गेलं आणि माणसं ताप चढून मेली म्हणून अमेरिकेत १९३८ ला बंद झालं. मला यावर मेसेज येतात म्हणून लिहितोय.

न्यूरोफिजिओ_नाशिक

मी स्पायनलच्या पेशंटसोबत रोज काम करते. ताई, इंजेक्शनचं वर सगळ्यांनी सांगितलं, मी दुसरं विचारते. आत्ता त्याचं काय चाललंय? तुमच्या पोस्टमध्ये चार महिने झाले आणि नळी अजून आहे असं लिहिलंय, मला तिथेच काळजी वाटली.

एक, एआयएस परत केलंय का? पहिल्या दिवसांत स्पायनल शॉक असतो, म्हणजे मार लागल्यावर मज्जारज्जू काही काळ बंदच पडतो, तेव्हाचं ग्रेडिंग कायमचं धरायचं नसतं. आणि ए म्हणजे कम्प्लीट हे ठरतं गुदद्वाराच्या भोवतीच्या स्पर्शावर आणि तिथल्या आवळण्यावर, पाय हलतो की नाही यावर नाही. घरी पेशंट लाजतो, डॉक्टर घाईत असतात, ती तपासणी राहून जाते. मी असे पेशंट बघितलेत की ज्यांच्या कागदावर ए आहे आणि नीट तपासलं तर बी (म्हणजे खाली थोडा स्पर्श शिल्लक) निघतं, आणि बी चा पुढचा अंदाज ए पेक्षा चांगला असतो. तर ती तपासणी कुणा जाणत्याकडून नीट करून घ्या, त्याला आधी समजावून सांगा की कशासाठी आहे.

दोन, कायमची नळी काढून सीआयसी शिकवा, म्हणजे दर चार ते सहा तासांनी स्वतः बारीक कॅथेटर घालून लघवी काढायची आणि कॅथेटर काढून टाकायचा. २६ वर्षांचा मुलगा आहे, हात चांगले आहेत, तो आरामात शिकेल, आरसाही लागत नाही. कायमच्या नळीने इन्फेक्शन, खडे, आणि शेवटी किडनीचं होतं. हे युरॉलॉजिस्टला विचारूनच करा, पण विचारा नक्की, कुणी आपणहून सांगत नाही.

तीन, बेडसोअर. दर दोन तासांनी कूस, रात्रीपण, आणि रोज मोबाईलचा टॉर्च लावून माकडहाड, टाचा आणि खुब्याची हाडं बघायची. लालसर डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर त्या बाजूवर झोपवायचंच नाही. खुर्चीत बसला की अधूनमधून हातांवर जोर देऊन उचलायचं स्वतःला. गादी एअरची असली तरी कूस सुटत नाही. एक मोठा बेडसोअर म्हणजे महिनोन्महिने उताणं झोपणं बंद, फिजिओ बंद, सगळं मागे.

मुंबईला हाजी अलीला एआयआयपीएमआर आहे, केंद्र सरकारची संस्था, १९५५ पासूनची, तिथे रिहॅबचे डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, कॅलिपर (पायांना आधार देणारे सांगाडे) बनवणं सगळं एका जागी आहे. दिल्लीला वसंत कुंजमध्ये इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आहे, ते मेजर एच. पी. एस. अहलुवालियांनी उभं केलं, ते १९६५ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले, नंतर युद्धात गोळी लागून स्वतः व्हीलचेअरवर आले. आठ लाखांत तुमचा भाऊ कित्येक महिने चांगल्या रिहॅबमध्ये राहून गाडी चालवायला शिकून येईल, हाताने चालणारी. हे मी मनाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, डी१० चा पेशंट स्वतःचं स्वतः सगळं करू शकतो, कपडे, अंघोळ, बेडवरून खुर्चीत.

चाकांवरचा_अमरावती

मी डी१२, बरीच वर्षं झाली, विहिरीच्या कामावर पडलो होतो. ताई, तुमच्या भावाशी मला बोलायला द्या जमलं तर, इथे मेसेज करा.

मीपण स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलंय, एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये, नाव लिहीत नाही. शब्द तेव्हा स्टेम सेल होता, आता मायटोकॉन्ड्रिया आलाय, बाकी बोलणं तेच, उशीर केला तर रिझल्ट कमी. इंजेक्शननंतर थोडे दिवस पायात मुंग्या आल्यासारखं वाटलं, मी घरी सगळ्यांना उठवून सांगितलं, नंतर काही नाही. पैसे गेले त्याचं दुःख नाही एवढं. त्या काळात मी फिजिओ सोडली होती कारण मला वाटलं आता पाय येणारच आहेत, तर खुर्ची शिकून काय करू. ते वर्ष गेलं ना, ते मला लागतं. पाठ, हात, खांदे तेव्हा कमवायचे असतात.

तुमचा भाऊ रोज विचारतो ताई फोन आला का, ते मी वाचलं आणि मला माझं सगळं आठवलं. त्याला खोटं सांगू नका आणि काहीच होणार नाही असंही सांगू नका. त्याला हा धागाच वाचायला द्या. तो २६ चा आहे, त्याचा मणका आहे, निर्णय त्याला घेऊ द्या, जमीन मोडायचा तर नक्कीच त्याला विचारून. आमच्या घरात मला कुणी विचारलं नव्हतं.

यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलंय का? नसेल तर जिल्हा रुग्णालयात लगेच काढा, पुढे सगळ्याला तेच लागतं.

आशावादी_आई

पेशीवाला, उत्तराबद्दल मनापासून आभार, स्टेरॉइडचं मला माहिती नव्हतं. माझ्या मुलीला मी कुठलं इंजेक्शन देणार नाहीये, ते ठरलं. पण एवढं सांगा, जुन्या दुखापतीसाठी या मायटोकॉन्ड्रियाच्या कामात काहीच नाही का? सगळं पहिल्या दिवसांचंच?

पेशीवाला

आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त आशेचं वाटतं, पण ते इंजेक्शनचं नाहीये.

न्यूरॉनचा तंतू लांबच लांब असतो, मणक्यात तर हात-दीड हात. तो तुटला आणि परत वाढायचा तर टोकाला ऊर्जा लागते, म्हणजे टोकाला मायटोकॉन्ड्रिया पोचले पाहिजेत. पण मोठ्या वयाच्या न्यूरॉनमध्ये मायटोकॉन्ड्रिया जागच्या जागी खिळून ठेवलेले असतात, सिंटाफिलिन नावाचं प्रोटीन त्यांना धरून ठेवतं. २०२० मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि इंडियाना विद्यापीठाच्या गटाने उंदरांमधून हे प्रोटीनच काढून टाकलं आणि मग मणक्याला इजा केली. मायटोकॉन्ड्रिया मोकळे झाले, टोकाकडे गेले, तुटलेले तंतू जास्त वाढले, काहींनी पुढच्या न्यूरॉनशी जोडणीपण केली आणि उंदरांच्या हालचालीत सुधारणा दिसली. म्हणजे बाहेरून आणायची गरज नाही, आतलेच हलवायचे. उंदरात जन्मापासून जीन काढलेला होता, माणसात तसं करता येत नाही, म्हणून त्यासाठी औषध शोधावं लागेल. इजा जुनी झाल्यावर हे लागू पडतं का हे पुढचं काम. पण दिशा ही आहे.

दुसरं म्हणजे २०२५ ला अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) एलामिप्रेटाइड नावाच्या औषधाला बार्थ सिंड्रोमसाठी मान्यता दिली, तो मुलांमधला दुर्मीळ आजार आहे, मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाचा. थेट मायटोकॉन्ड्रियावर काम करणारं औषध पेशंटपर्यंत पोचलं हे माझ्या क्षेत्रासाठी फार मोठं आहे. मेंदू आणि मणक्याच्या इजेसाठी मान्यता नाहीये त्याला, फक्त सांगतोय की रस्ता कसा असतो, कितीतरी वर्षांचा, पण असतो.

कृष्णाकाठची_ताई

सगळ्यांना काय म्हणू, आभार हा शब्द कमी पडतो. धागा भावाला वाचायला दिला. तो दोनदा वाचत बसला आणि मग त्याने स्वतः क्लिनिकला फोन लावला आणि सीटीआरआय नंबर विचारला. आधी म्हणाले मेल करतो, मग म्हणाले हे ट्रायल नाही ॲडव्हान्स्ड थेरपी आहे म्हणून नंबर लागत नाही, मग फोन ठेवला. मामा अजून नाराज आहेत, पण जमिनीचा विषय आईने स्वतः बंद केला.

चाकांवरचा दादा, तुम्हाला मेसेज केलाय, भावाचा नंबर दिलाय. फिजिओ ताई, युरॉलॉजिस्टची गुरुवारची वेळ घेतलीय आणि ती तपासणी परत करायला त्याने होकार दिला.

पेशीवाला सर, त्याचाच एक प्रश्न, मी जसाच्या तसा लिहिते. त्या २०२० च्या पेपरमध्ये त्याने वाचलं की क्रिएटीन दिल्यावरपण उंदरांचे तंतू वाढले. जिममध्ये मिळतं तेच क्रिएटीन का? तो अपघाताआधी घ्यायचा, डबा अजून घरात आहे, घेऊ का म्हणतोय.

पेशीवाला

हो, तेच क्रिएटीन, आणि त्याने पेपर माझ्यापेक्षा बारकाईने वाचलाय, त्याला सांगा मला फार आनंद झाला. त्या कामात उंदरांना दिल्यावर तंतूंची वाढ दिसली होती. माणसांच्या मणक्याच्या इजेत त्याने तंतू वाढतात असा पुरावा नाही, म्हणून त्या अपेक्षेने घेऊ नये. आणि आपणहून सुरू तर अजिबात नको, त्याला नळी आहे, इन्फेक्शनचा धोका आहे, किडनीकडे लक्ष ठेवायचंय, आणि क्रिएटीन घेतलं की रक्तातलं क्रिएटिनिन तसंच वाढलेलं दिसू शकतं, मग किडनी खरंच बिघडलीय की पावडरमुळे आकडा वर गेलाय हे डॉक्टरला कळणार नाही. गुरुवारी युरॉलॉजिस्टकडे जाताय तर डबा सोबत न्या आणि त्यांनाच विचारा, आणि आधीचं क्रिएटिनिन किती होतं तो डिस्चार्जचा रिपोर्टपण न्या.

आणि त्याला म्हणावं, बाकीचे पेपर वाचायचे असतील तर मला मेसेज कर, जे अडेल ते मराठीत समजावून सांगेन.